गोव्यातल्या आयटीवाल्यांची संघटना: मॅट, नॅसकॉम आणि आपली वही

कुर्टीकर (धागाकर्ता)

२०११ चा जून. फोंड्यात आमचे ऑफिस म्हणजे दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट, चार टेबले आणि एक इन्व्हर्टर. पुण्याच्या ग्राहकाला रात्री नऊपर्यंत बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची तयार आवृत्ती, पोचवायचा होता आणि साडेसहाला नेट गेले. कुठेतरी रस्ता खणताना केबल तुटली होती. तक्रारीच्या नंबरावर एकच उत्तर मिळत होते, ‘उद्या माणूस पाठवतो.’ मी हार्ड डिस्क प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळली, रेनकोटच्या आत पोटाशी धरली आणि स्कूटरने मडगाव गाठले. ज्याच्याकडे गेलो त्याच्याशी आठवड्यापूर्वीच एका कामाच्या कोटेशनवरून माझी चुरस झाली होती. त्याने काही विचारले नाही. आपल्या एका पोराला टेबलावरून उठवले, केबल माझ्या हातात दिली आणि खालून चहा मागवला.

अपलोड रेंगाळत होते म्हणून गप्पा निघाल्या. मी म्हटले, ‘नेटवाला मला सांगतो, साहेब, एवढी तक्रार फक्त तुमचीच आहे.’ तो हसला नाही. ड्रॉवरमधून एक वही काढून त्याने पुढे सरकवली. नेट कधी गेले, कधी आले, किती तास, सगळे तारखेवार लिहिलेले. म्हणाला, ‘मलाही हेच सांगतात. फक्त तुमचीच.’

संघटना कशासाठी, हे मला त्या वहीने शिकवले. ‘फक्त तुमचीच तक्रार आहे’ हे वाक्य जोवर खरे वाटते, तोवर प्रत्येक जण एकटा असतो. नंतर नॅसकॉमचा, म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या देशभरच्या संघटनेचा, इतिहास वाचत गेलो तेव्हा तिथेही हेच दिसले. म्हणून हा धागा.

आधी इतिहास. १९८२ मध्ये दिल्लीत मॅट उभी राहिली. मॅट म्हणजे मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन फॉर इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. नावातच उत्पादक आहे. मुख्य भरणा संगणक बनवणाऱ्यांचा, सॉफ्टवेअरवाले त्यात थोडे. आणि दोघांचे हित एकमेकांच्या उलटे. देशात यंत्र बनवणाऱ्याला परदेशी यंत्रावर भरपूर आयात कर हवा. निर्यातीसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तेच यंत्र स्वस्तात हवे. एकाच निवेदनावर दोघांनी सही करायची कशी? शेवटी १९८८ मध्ये सॉफ्टवेअरवाल्यांनी वेगळी चूल मांडली, ती नॅसकॉम. सुरुवातीला सभासद अवघे ३८, पण त्या काळच्या सॉफ्टवेअर उद्योगाची जवळपास ६५ टक्के उलाढाल त्यांच्याकडे होती. संस्थापकांत हरीश मेहता होते, मास्टेकचे अशांक देसाई होते. बाजारात हे सगळे एकमेकांचे स्पर्धक. दिवसा एकाच ग्राहकासाठी भांडायचे आणि संध्याकाळी एकाच टेबलावर बसायचे.

१९९१ मध्ये नॅसकॉममध्ये देवांग मेहता आले. त्याच वर्षी केंद्राने एसटीपीआय (सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया) स्थापन केली आणि उपग्रहाच्या लिंकवरून कोड परदेशी पाठवायची सोय छोट्या कंपन्यांच्याही आवाक्यात आली. देवांग मेहतांचे काम मला मोठे वाटते ते एका गोष्टीसाठी. उद्योगाचा आकडा सांगणारे एक ठिकाण त्यांनी तयार केले. सभासदांकडून माहिती गोळा करायची, वर्षाचा आढावा छापायचा, तोच आकडा मंत्र्यांना, तोच पत्रकारांना, तोच परदेशी ग्राहकाला. १९९९ मध्ये नॅसकॉमने मॅकिन्से या सल्लागार कंपनीला घेऊन अंदाज मांडला, की २००८ पर्यंत हा उद्योग ८७ अब्ज डॉलरचा होईल आणि त्यातली निर्यात ५० अब्जांची असेल. तेव्हा लोकांना तो वेडेपणा वाटला. २००८ साली निर्यात ४० अब्जांच्या आसपास पोचली होती. लक्ष्य हुकले, पण त्या आकड्याने नऊ वर्षे सरकारला आणि गुंतवणूकदारांना एका दिशेने बघायला लावले. देवांग मेहता ते पाहायला नव्हते. एप्रिल २००१ मध्ये सिडनीत, कामाच्या दौऱ्यावर असताना ते गेले. वय ३८.

आता आपल्याकडे. गोव्यात व्यापाऱ्यांची संघटना नवी नाही. आजचे गोवा चेंबर १९०८ चे, पोर्तुगीज अमदानीत ‘असोसियासांव कोमेर्सियाल’ म्हणून सुरू झालेले. मुक्तीनंतर औद्योगिक वसाहती आल्या, कारखानदारांची संघटना आली. आज आयटीवाल्यांसाठी गोवा टेक्नॉलॉजी असोसिएशनही आहे. तिच्याबद्दल मला आदर आहे, तिथे लोक स्वतःचे काम सांभाळून राबतात. माझे म्हणणे एवढेच, की मडगावच्या त्या वहीसारखी सगळ्या गोव्याची एक वही आपल्याकडे असायला हवी. फ्लॅटमध्ये बसून काम करणाऱ्या तीन-चार माणसांच्या कंपन्या कोण मोजतो? तुमचे काय मत?

---

जुना पार्लेकर

कुर्टीकर, लेख आवडला. मी आता पर्वरीत निवृत्त आहे, पण ऐंशीच्या दशकात मुंबईत संगणक विकत होतो, म्हणजे मॅटच्या बाजूचा माणूस. म्हणून थोडी दुसरी बाजू.

यंत्रवाल्यांना आयात कर हवा होता, खरे आहे. पण ते नुसते स्वार्थापोटी नव्हते. आमचे गिऱ्हाईक एक संगणक घ्यायला सहा महिने विचार करायचे. १९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने संगणक धोरण आणले तेव्हा बाजार जरा हलला. १९८६ मध्ये सॉफ्टवेअरचे वेगळे धोरण आले. माझ्या मते नॅसकॉमचे बी तिथेच पडले. सरकारने सॉफ्टवेअरला वेगळा उद्योग मानले, मग त्या उद्योगाला वेगळे तोंड हवेच होते.

दुसरी आठवण जरा बोचरी आहे. आमच्या दुकानात यंत्र घेतले की फ्लॉपीचा एक डबा फुकट मिळायचा. त्यात सगळे प्रोग्रॅम, सगळ्या नकला. गिऱ्हाईक विचारायचे, ‘यात काय काय भरून देणार?’ आम्ही अभिमानाने यादी वाचायचो. तेव्हा त्याला चोरी म्हणतात हे कुणाच्या मनातही नव्हते. १९९४ मध्ये कॉपीराइट कायदा सुधारला. चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरला तर किमान सात दिवसांची कैद आणि किमान पन्नास हजारांचा दंड. त्यामागे नॅसकॉमने लावलेला जोर होता आणि नंतर छाप्यांसाठीही तेच पुढे. आम्हा दुकानदारांचा त्यांच्यावर राग होता, मी खोटे बोलणार नाही. पण विचार करा, स्वतःच्या देशातल्या गिऱ्हाइकांचा आणि विक्रेत्यांचा रोष ओढवून घेणारी संघटना होती ती. परदेशी कंपनीने आपल्याला कोड लिहायला द्यावा, तर आपण कोड चोरत नाही हे आधी दिसायला हवे, असा त्यांचा हिशोब. पुढे माझाच मुलगा एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला तेव्हा तो हिशोब मला कळला.

---

मांडवीकाठ

वाचतेय. छान धागा. पार्लेकरकाका, फ्लॉपीच्या डब्याची आठवण अगदी डोळ्यासमोर आली.

---

रायबंदर ते वेर्णा

मी नोकरी करणारा आहे, मालक नाही. म्हणून सरळ विचारतो. या संघटना मालकांच्या असतात. पोरांना महिना किती मिळतो, नोटीस पिरियड तीन महिन्यांचा का, शनिवारी बोलावले तर काय, यावर नॅसकॉम कधी बोलली? गोव्यात पगार बेंगळुरूच्या निम्मा आणि खोलीचे भाडे मात्र पर्यटकांच्या दराने. पणजीत एक खोली शोधून बघा. तुमच्या वहीत आमच्यासाठी रकाना आहे का?

---

कुर्टीकर

@रायबंदर ते वेर्णा, प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. नॅसकॉम उद्योगाची संघटना आहे, कामगारांची नव्हे. तिने अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसासाठी जोर लावला, त्याचा फायदा लाखो मुलांना झाला, पण तो कंपन्यांना माणसे पाठवायची होती म्हणून. २००६ मध्ये नॅशनल स्किल्स रजिस्ट्री आणली, त्यात कर्मचाऱ्याची ओळख, शिक्षण आणि आधीची नोकरी पडताळून नोंदवायची. ती खोटे बायोडाटा रोखण्यासाठी, म्हणजे पुन्हा मालकाच्या सोयीची. कर्मचाऱ्यांचा आवाज वेगळा हवा. गोवा आयटी प्रोफेशनल्स हा गट आपल्याकडे आहे, तो व्यक्तींचा आहे, कंपन्यांचा नाही. तिथे हे प्रश्न न्यावेत असे मला वाटते.

पण रकान्याचे म्हणाल तर हो. पगार हा रकाना वहीत हवाच. तो लपवला तर वही खोटी ठरेल.

---

डिचोलीची

पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या घरी दोन ट्रक होते, खाणीवर चालायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक अंगणात उभे राहिले. मी तेव्हा बारावीला. टायरांतून गवत वर आले, तरी बाबा रोज सकाळी फडक्याने काच पुसायचे. आईने दागिना मोडून माझी फी भरली आणि मी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर घेतले. आमच्या वर्गातल्या बहुतेक सगळ्यांनी शेवटच्या वर्षाला बेंगळुरू नाहीतर पुणे धरले. कुणी गोवा नको म्हणून गेले नाही. इथे कोणती कंपनी कुठे आहे, काय काम करते, किती माणसे घेते, हेच आम्हाला कुणी सांगितले नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या सगळ्या बाहेरच्या. मीही तीन वर्षे बेंगळुरूला काढली. २०२० मध्ये लॉकडाऊनला घरी आले ती परत गेले नाही. आता दोघी मैत्रिणींबरोबर छोटे काम सुरू केले आहे.

परत आल्यावर कळले की डिचोली ते म्हापसा या पट्ट्यातच आमच्यासारखे कितीतरी आहेत. मी बारावीत असताना हे कळले असते तर? म्हणून वहीची कल्पना मला पटली. ती सरकारच्या आधी कॉलेजातल्या मुलांना दाखवा.

---

पुणे-पेडणे

माझे आयुष्य पुण्यात गेले, मूळ घर पेडण्यात. दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

मॅटमधून नॅसकॉम फुटली, तसे नॅसकॉममधूनही लोक बाहेर पडले. नॅसकॉमवर मोठ्या सेवा कंपन्यांचे वजन वाढत गेले. स्वतःचे उत्पादन बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांना वाटले, आपले प्रश्न इथे मागे पडतात. २०१३ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी आयस्पिरिट काढली. त्याच वर्षी नारायण मूर्तींच्या समितीने नॅसकॉमच्या रचनेत बदल सुचवले आणि त्याच वर्षी नॅसकॉमने दहा हजार स्टार्टअप उभे करायचा कार्यक्रमही सुरू केला. माझ्या मते हे फुटणे वाईट नाही. ज्या संघटनेतून कुणी बाहेर पडत नाही तिथे बहुधा कुणी भांडतही नाही.

राज्यांचे म्हणाल तर हैदराबादची हायसिया १९९१ ची आहे. केरळात टेक्नोपार्क १९९० मध्ये सुरू झाला आणि पुढे तिथल्या कंपन्यांचा जीटेक हा गट तयार झाला. केरळचे उदाहरण आपल्याला जवळचे. तिथेही घरटी एक माणूस बाहेर, जमीन कमी, मालाची वाहतूक कठीण. पण त्यांच्याकडे एकाच आवारात सगळ्या कंपन्या, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतही संघटना भरते. गोव्यात कंपन्या विखुरलेल्या. वेर्ण्यात पर्सिस्टंटसारखी मोठी नावे आहेत, पणजीत को-वर्किंगच्या, म्हणजे अनेकांनी वाटून घ्यायच्या ऑफिसच्या जागा, फातोर्ड्यात डॉन बॉस्को कॉलेजचे फायर हे नव्या कंपन्यांना आधार देणारे इन्क्युबेशन केंद्र, आणि बाकी सगळे फ्लॅटांत. भेटायचे कुठे हाच इथे पहिला प्रश्न.

आणखी एक. संघटनेची पत कशी वापरतात याचा धडा म्हणजे हैदराबादची सत्यम ही आयटी कंपनी. ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी ताळेबंद खोटे असल्याचे कबूल केले. सगळ्या भारतीय आयटीवर परदेशी ग्राहक संशय घेतील अशी वेळ. सरकारने नवे संचालक मंडळ नेमले, त्यात एचडीएफसीचे दीपक पारेख होते आणि किरण कर्णिक होते. कर्णिक मंडळाचे अध्यक्ष झाले. त्याआधी २००७ पर्यंत ते नॅसकॉमचे अध्यक्ष होते. काही महिन्यांत कंपनी टेक महिंद्राकडे गेली आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या टिकल्या. संकटाच्या दिवशी ज्याच्या शब्दावर सगळे विश्वास ठेवतील असा माणूस उद्योगाकडे तयार होता. तो एका दिवसात तयार होत नाही.

---

मांडवीकाठ

आता माझा मुद्दा, जमिनीचा. मी आयटीतली नाही, शिक्षिका आहे. पण २००७ मध्ये सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, विरोधात मी रस्त्यावर होते. आयटीच्या नावाचेही प्रस्ताव त्यात होते. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सरकारने सेझ रद्द करायची घोषणा केली, ती रात्र मी विसरणार नाही. दोनापावलाचे आयटी हॅबिटॅट, म्हणजे आयटी कंपन्यांसाठीची वसाहत, असेच रखडले. चिंबलच्या आयटी पार्कलाही गावाने विरोध केला. लोक म्हणतात गोवेकरांना उद्योग नको. हे खोटे आहे. आम्हाला डोंगर कापून रिकामे राहणारे पार्क नकोत.

या धाग्यावर मला काय दिसले सांगू? कुर्टीकरांचे ऑफिस दोन खोल्यांत, डिचोलीच्या मुलीचे काम घरात. मग लाखो चौरस मीटर कुणी मागितले होते? तुम्ही मागितले होते का? तुमच्या संघटनेने मोजून सांगावे, की आम्हाला एवढ्या खोल्या, एवढी वीज आणि एवढे नेट लागते. तसे सांगणारी संघटना पुढे आली तर मी माझ्या गावात तिच्या बाजूने बोलेन. गावोगावी जुन्या शाळांच्या इमारती पटसंख्येअभावी रिकाम्या पडल्या आहेत, त्यांचे काय करता येईल तेही बघा.

---

कुर्टीकर

मांडवीकाठताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. २००७ मध्ये मी दुसऱ्या बाजूला होतो. आयटी पार्क रद्द झाला म्हणून चिडलो होतो. पण तुम्ही विचारता ते खरे, त्या पार्कात मी जागा घेणार होतो का? नव्हतो. मला परवडलीच नसती. माझ्या नावावर मागणी दुसऱ्याच कुणीतरी केली होती आणि माझ्याकडे ‘मला हे नको, हे हवे’ म्हणायला कागद नव्हता.

२०१८ मध्ये गोव्याचे आयटी धोरण आले, त्याआधी २०१७ मध्ये स्टार्टअप धोरण. दोन्हींत चांगल्या तरतुदी होत्या. पण अशा धोरणांचा लाभ घ्यायला जी कागदपत्रे लागतात ती चार माणसांच्या कंपनीत कुणी गोळा करायची? हे काम संघटनेने एका माणसाला पगार देऊन करावे. माझ्या मते वर्गणी वाढवायचे याहून चांगले कारण नाही.

मडगावच्या मित्राशी काल फोनवर बोललो. ती जुनी वही त्याच्याकडे अजून आहे. नव्या वहीचे रकाने आम्ही ठरवले: गाव, सुरुवात कोणत्या साली, माणसे किती, त्यातली गोव्यातली किती, काम कसले, जागा स्वतःची की भाड्याची, नेट महिन्यात किती तास जाते, नवख्या मुलाला पगार किती. कंपनीचे नाव द्यायचे की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. सुरुवात मी करतो.

फोंडा. २००९. माणसे ११, गोव्यातली ९. हॉस्पिटलांचे बिलिंग सॉफ्टवेअर. जागा भाड्याची. नेट गेल्या महिन्यात ६ तास. नवख्याला २२ हजार.

---

रायबंदर ते वेर्णा

पगार लिहिलात, बरे वाटले. आमच्या मॅनेजरला हा धागा दाखवतो. तो लिहील की नाही माहीत नाही, पण विचारतो.

---

जुना पार्लेकर

मी म्हातारा माणूस, कंपनी नाही. पण रविवारी कुणी पर्वरी, म्हापसा, थिवी या बाजूला घरोघर फिरून वही भरणार असेल तर माझी गाडी आहे आणि वेळही आहे. विक्रीच्या धंद्यात दारावरची बेल वाजवायचे तेवढे शिकलो आहे.

---

डिचोलीची

काका, थिवीपासून पुढे मी येते तुमच्याबरोबर.

डिचोली. २०२१. माणसे ३, तिन्ही गोव्यातल्या. शाळांसाठी फी आणि हजेरीचे ॲप, मराठी आणि कोंकणीत. जागा घरचीच, जिथे बाबांचे ट्रक उभे असायचे तिथे खोली बांधली. नेट गेल्या महिन्यात १४ तास. नवख्याला अजून कुणाला घेतलेले नाही, जूनपासून फर्मागुडीच्या एका मुलीला घेणार आहोत.